हरिश्चंद्रगडाची पुष्करणी : डोंगरमाथ्यावर पाणी टिकतं कसं?

अकोले : पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, हे अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्याचं जुनं दुखणं. तरीही सुमारे १४०० मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर पाऊस सरून कित्येक महिने झाले तरी सप्ततीर्थ पुष्करणीत पाणी दिसतं. हे कसं?

हरिश्चंद्रेश्वर मंदिराजवळची ही पुष्करणी म्हणजे दगडी बांधणीचं छोटं तळं. काठावर ओळीने देवळ्या आहेत, त्यात पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या. जवळच्याच केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी असतं.

याचं उत्तर खडकात आहे. सह्याद्री तयार झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हारसाचे थर एकावर एक साचून. विहीर खोदणाऱ्याला हे थर चांगले माहीत असतात. वर मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. भेगा असलेल्या थरात पाऊस मुरतो. खाली घट्ट पाषाण लागला की पाणी अडतं आणि आडवं सरकत जातं. जिथे थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. जुन्या लोकांनी अशाच जागा हेरून गडावर टाकी आणि तळी केली.

मात्र हा साठा मोजकाच असतो. पावसाळ्यात पाणी वाहतं, त्यामुळे घाण पुढे निघून जाते. उन्हाळ्यात आवक आटते, तेव्हा साबण, खरकटं, वेफर्सची पाकिटं तिथंच साचून राहतात. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. बिबट्या, शेकरू अशा जनावरांनाही उन्हाळ्यात डोंगरातल्या पाण्याचाच आधार असतो.

हा प्रश्न फक्त गडापुरता नाही. मंदिराजवळून निघणारी मंगळगंगा पाचनईकडे उतरते आणि पुढे मुळेला मिळते. मुळेचं पाणी राहुरी तालुक्यातल्या २६ टीएमसीच्या मुळा धरणात येतं. त्यावर शेती भिजते आणि अहिल्यानगर शहराची तहानही भागते. म्हणजे गडावर टाकलेला कचरा पहिल्या पुरात आपल्याच नदीच्या वाटेला लागतो.

पर्यटक आले पाहिजेत. पाचनईत कितीतरी घरांची चूल पिठलं-भाकरीच्या जेवणावर चालते. म्हणूनच पाणी सांभाळणं गावाच्याही फायद्याचं आहे. गडावर जाणाऱ्यांनी एवढं पाळावं :

• पुष्करणीत उतरून अंघोळ करू नये, कपडे-भांडी धुऊ नयेत.
• पाणी लागलं तर भांड्यात घेऊन काठापासून लांब वापरावं.
• रिकाम्या बाटल्या, पाकिटं पिशवीत घालून खाली आणावीत.
• साठलेलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

गावातलं कुणी गडावर निघालं असेल, तर त्यालाही हे आवर्जून सांगा.