भुरीचे वीस दात

या पोरांनो, जवळ बसा, पण गलका नको. आपली गिनीपिग भुरी, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या मांडीवर आहे. काल नागपूरला तिच्या दातांचं ऑपरेशन झालं, आणि दिग्रसला परत येईपर्यंत तिने गाडीत हूं की चूं केलं नाही. एरवी फ्रीजचं दार वाजलं तरी शिट्टी मारणारी ही!

तुम्ही विचारत होता ना, "आबाजी, हे काहून खात नाही?" ती वाटीजवळ यायची, कोथिंबिरीला तोंड लावायची आणि पान तसंच टाकून मागे सरकायची. हनुवटीखालचे केस लाळेने ओले. भूक होती, चावता येत नव्हतं.

आता तिच्या तोंडातली नवलाई ऐका. तुमचे दुधाचे दात पडतात, पक्के येतात, आणि तिथे हिशेब संपतो. गिनीपिगाला दात 20. पुढे चार, आत गालाकडे सोळा. हे वीसच्या वीस दात जन्मभर वाढतात, नखं वाढतात तसे. का? हिचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. तिथे खायला राठ गवत, आणि गवताच्या पात्यात वाळूच्याच जातीची सिलिका असते. ज्वारीच्या पात्याने तुमचं बोट चिरलं होतं, आठवतं? तसलं गवत दिवसभर दळायचं म्हणजे दात झिजणारच. आपल्या जात्याचे दगड झिजले की टाकी लावायला माणूस बोलवावा लागायचा. हिच्या जात्याची झीज खालून आपोआप भरून येते.

पण जात्यात घालायला राठ काही नसलं तर? काहींच्या जबड्याची ठेवणच वाकडी असते, पण भुरीच्या बाबतीत मला वाटतं चूक आपली. लाडाने पाव दिला, बिस्किट दिलं, वाळलं गवत कोपऱ्यात पडून राहिलं. मग खालच्या दाढा आत कलल्या, जिभेवर त्यांची कमान झाली आणि जीभ खाली अडकली. डॉक्टरांनी भूल देऊन त्या दाढा बारीक फिरत्या अवजाराने घासल्या.

माणसाला ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवतात. हिला नाही ठेवलं. एक तर गिनीपिगाला उलटी होत नाही. दुसरं, हिचं आतडं पाणचक्कीसारखं आहे, वरून सतत काही पडत राहिलं तरच चालतं. दिवसभर पोट रिकामं राहिलं तर आतडं थंडावतं, वायू धरतो, आणि दात बरे होण्याआधीच जनावर हातचं जातं. म्हणून ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, पण अर्धं काम अजून आपल्या घरात बाकी आहे.

हे बघा, सुई काढलेली सिरिंज. डॉक्टरांनी दिलेली गवताची पूड कोमट पाण्यात कालवली आहे, पातळ पिठल्याइतकी. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे मोकळी जागा असते, तिथून, बाजूने, थोडंसं सोडायचं. मग थांबायचं. जबडा हलताना दिसतोय? गिळलं. आता पुढचा थेंब. समोरून जोरात दाबलं तर अन्न श्वासनळीत जाईल, म्हणून इथे घाई करणाऱ्याला मी सिरिंज देणार नाही.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. तब्येत बरी होती तेव्हा 840 ग्रॅम होतं, आज 730. आणि लेंड्या मोजायच्या. नाक मुरडू नका. गाय रवंथ करते, तशी हिची तऱ्हा वेगळी: मऊ लेंडी स्वतःच खाऊन त्यातलं सत्त्व दुसऱ्यांदा घेते. आज पहाटे तिने तीन लेंड्या टाकल्या तेव्हा तुमची आजी देवाला हात जोडून आली.

आणखी एक. गाय, कुत्रा, उंदीर स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व बनवतात. गिनीपिगाला ते जमत नाही, आणि तुम्हालाही नाही! 1907 साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला. त्यात दात हलतात, जखम भरत नाही. कार्तिकात आवळीखाली जेवायला बसतो तेव्हा आपली सोय होते. भुरीचं तोंड सोललेलं आहे, तिला आवळा झोंबेल, म्हणून तिला डॉक्टरांनी दिलेले थेंब. वेदनेचं औषधही त्यांनी लिहिलं तेवढंच. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तर चुकूनही नको. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांनी हिच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, आणि पाठोपाठ हीसुद्धा.

काल शेजारचे म्हणाले, "एवढ्याशा जीवासाठी नागपूर?" मला वाईट वाटलं. मुंबईत प्लेगने माणसं मरत होती, तेव्हा डॉ. लिस्टन यांना प्लेगने मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. पुढे 1905 नंतर अभ्यासकांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. पिसवा त्यांच्या अंगावर गोळा झाल्या, कित्येक मेले, आणि प्लेग पिसवांवाटे पसरतो हे पक्कं झालं. हिच्या जातीचं आपल्यावर एवढं देणं आहे.

दात पुन्हा वाढणार, ते थांबत नाहीत. म्हणून तोंड बरं झालं की वाळल्या गवताची पेंढी पिंजऱ्यात कधी संपू द्यायची नाही, आणि बिस्किटाचा डबा वरच्या फळीवर. पुढचा घास रात्री दहाला आहे. ज्याला सिरिंज धरायची असेल त्याने हात धुऊन यावं.