संदर्भ सुटला म्हणजे वस्तू नष्ट झाली काय?

संगणकाची प्रोग्रामिंग भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचा, पुस्तिकेतील शब्द ढिले असल्यास, असा समज होतो की चल रिकामे केले म्हणजे वस्तू नष्ट झाली. तसे नाही. जावासारख्या भाषेत चलामध्ये वस्तू नसून वस्तूचा संदर्भ, म्हणजे जणू पत्ता असतो. तो दुसऱ्या चलास दिला तर पत्त्याची नक्कल होते. वस्तू एकच राहते.

सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव, म्हणून हंड्याचेच उदाहरण घेऊ. हंडा एक, हक्क दोन भावांचा. एकाने हक्क सोडला तरी हंडा मोडीत निघत नाही. कोणाचाच हक्क उरला नाही, तर तो मोडीस पात्र ठरतो. वितळतो मात्र कारागिराच्या सवडीने.

मेमरीच्या अशा आपोआप सफाईची पद्धत जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेच्या लेखात मांडली. चालू प्रोग्रामपासून संदर्भांच्या वाटेने जिथे पोहोचता येत नाही, तीच वस्तू सफाईस पात्र. उलट, एखाद्या यादीत विसरून राहिलेला एकच संदर्भ अनेक वस्तू अडवून धरतो आणि मेमरी भरत जाते.

म्हणून पुस्तिकेत ‘नष्ट होते’ न लिहिता ‘नष्ट होण्यास पात्र ठरते’ असे लिहावे. एवढ्या नेमकेपणाने नवशिक्यांची पुष्कळ वणवण वाचेल.