योग आणि क्षेम

गेल्या वैशाखांत लोहाऱ्यास आमच्या शेतांतील विहिरीनें तळ दाखविला. धाकट्या चिरंजीवांनीं कूपनलिका खणण्याचा आग्रह धरिला. थोरल्या सूनबाईंनीं शांतपणें विचारिलें, "मामंजी, खालचें पाणी आजच उपसलें, तर नातवंडांनीं काय उपसावें?" चिरंजीव म्हणाले, "आपण थांबूं. पण शेजारी थांबेल कशावरून?" दोघांचेंही म्हणणें खरें होतें. जो पेंच घराचा, तोच राष्ट्राचा.

संस्कृतांत 'योगक्षेम' हा मार्मिक शब्द आहे. न मिळालेलें मिळविणें हा योग; मिळालेलें राखणें हें क्षेम. १९३८ मध्यें सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असतांना पंडित नेहरूंच्या नेतृत्वाखालीं राष्ट्रीय नियोजन समिति नेमली गेली. १९५० मध्यें नियोजन आयोग स्थापन झाला व पुढील वर्षीं पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. धरणें, पोलाद, वीज हा सारा योगच होता, आणि दरिद्री देशास तो अवश्यही होता.

क्षेमाची आठवण जगास उशिरां झाली. पुढील पिढ्यांचा वांटा न गिळतां आजची गरज भागवावी, हें तत्त्व नॉर्वेच्या पंतप्रधान ब्रुंटलँडबाईंच्या आयोगानें १९८७ मध्यें मांडिलें. २०१५ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं २०३० पर्यंतचीं १७ उद्दिष्टें ठरविलीं. त्याच वर्षीं आपल्याकडे नियोजन आयोगाची जागा नीति आयोगानें घेतली.

परंतु आपल्या महाराष्ट्रानें योग व क्षेम एकत्र गुंफण्याचा पाठ आधींच गिरविला होता. १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमीच्या कामांवर लाखों हात लागले. १९७७ मध्यें त्याचा कायदा झाला. मजुरास दाम मिळाला, आणि बांधबंदिस्तीनें व तलावांनीं माती-पाणी राखण्याची सोय झाली. २००५ मध्यें केंद्रानें सर्व देशासाठीं तसाच कायदा केला.

आमच्या यवतमाळकडील काळ्या जमिनींत कापूस बहुतांशीं पावसावरच येतो. पाऊस थोडा नाहीं. तो थांबत नाहीं, हें दुःख. म्हणून आम्हीं कूपनलिका तहकूब केली, विहिरीचा गाळ काढिला, बांध दुरुस्त केले. पण भूगर्भांतील पाणी सात-बारा पाहून वाहत नाहीं. चिरंजीवांच्या शंकेस एकट्या घराच्या संयमांत उत्तर नाहीं. तें साऱ्या शिवारानें मिळून केलेल्या नियमांतच आहे. नियोजन म्हणजे तरी दुसरें काय? येत्या रविवारीं आम्ही शेजाऱ्यांना चहास बोलाविलें आहे. सूनबाईंचाच प्रश्न त्यांना विचारणार आहों.