पिंढरीतला गोळा आणि घोटभर खार

रात्री दोन-अडीचच्या सुमारास पिंढरी वळते. पोटरीत टणक गोळा येतो, पंजा खाली ओढला जातो आणि झोपलेला माणूस ओरडत उठून बसतो. घरातलं कुणीतरी खोबरेल तेल चोळू लागतं. तो माणूस भिंतीला हात टेकून शहाबादी फरशीवर कसाबसा उभा राहतो, टाच खाली दाबतो आणि दोन-तीन मिनिटांनी गोळा सुटतो. दुसऱ्या दिवशी पाय ठणकत राहतो. बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरसारख्या गावात हे कुणालाच नवीन नाही. मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाला गोळा येतो, गरोदर बाईला येतो, म्हाताऱ्यांना तर येतोच.

पण लिव्हर आकसलेल्या, म्हणजे सिरोसिस झालेल्या माणसाचा गोळा वेगळा असतो. तो श्रमाची वाट पाहत नाही. पोटरीबरोबर मांडीत येतो, पायाच्या बोटांत येतो, हाताची बोटंही वाकडी होऊन अडकतात. सिरोसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना कधी ना कधी असे पेटके येतात. तरी दवाखान्यात त्यांचा विषय क्वचितच निघतो. डॉक्टर पोटातलं पाणी, रक्ताची उलटी, कावीळ यांबद्दल विचारतात. पेशंटला वाटतं, पायाचं दुखणं पोटाच्या डॉक्टरला काय सांगायचं? बिदर, कलबुर्गी, सोलापूर, हैदराबाद असं फिरत फाइल जाडजूड होते, पण झोपमोडीची नोंद तिच्यात नसते.

गोळा आला की आपण म्हणतो, मीठ कमी पडलं, केळं खा, शहाळं प्या. सिरोसिसमध्ये हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. लघवीच्या गोळ्यांनी क्षार घसरले असतील तर ते भरून काढावेच लागतात, पण पेटके येणाऱ्या अनेकांच्या रक्तात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम ठीकठाक असतं. उलट पोटातलं पाणी उतरवायला दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवतं. त्यावर रोज शहाळं म्हणजे हृदयाच्या ठोक्यांशी खेळ.

खरी भानगड तिहेरी आहे. पहिली रक्ताच्या वाटपाची. पोटात आणि पायांत पाणी साठलेलं असतं, पण रक्तवाहिन्यांत खेळणारं, कामाचं रक्त कमी पडतं. धरण भरलेलं असून कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाळी मिळू नये, तसं. इटलीतल्या पादुआच्या पाओलो अँजेली यांनी 1996 मध्ये हे नेमकं दाखवलं. रुग्णांना आठवड्याला एकदा शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन दिलं, रक्ताचं आकारमान सुधारलं आणि पेटके कमी झाले. उपाय चोख, पण अल्ब्युमिनची एकेक बाटली काही हजारांची. दुसरी भानगड अमोनियाची. निरोगी यकृत अमोनियाचं युरिया करून टाकतं. ते थकलं की तो भार स्नायूंवर येतो आणि तो पेलताना स्नायू आपलीच प्रथिनं खर्चत झिजतात. तिसरी मज्जातंतूंची. स्नायूला आकुंचनाचा हुकूम देणारा तंतू उगाचच पेटून उठतो आणि थांबायचं नाव घेत नाही.

या तिसऱ्या भानगडीतूनच लोणच्याचा खार वैद्यकात शिरला. अमेरिकेतले खेळाडू काकडीच्या लोणच्याचं आंबट-खारट पाणी पेटक्यांसाठी फार पूर्वीपासून पितात. 2010 मध्ये केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. निरोगी तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या झटक्याने मुद्दाम गोळा आणला आणि त्यावर साधं पाणी किंवा खार दिला. खार प्यायल्यावर गोळा साधारण दीड मिनिटात सुटला, पाण्यापेक्षा कितीतरी लवकर. एवढ्या वेळात पोटातलं मीठ रक्तात पोचणं शक्यच नाही. मग काम केलं कुणी? संशोधकांचा अंदाज असा, की तोंडातल्या आणि घशातल्या संवेदकांना आंबट झटका बसतो, तो मज्जासंस्थेत पोचतो आणि तिकडून बिथरलेल्या तंतूला आवर घातला जातो.

मिरची, आलं, दालचिनी हेही याच कुळातले संवेदक चेतवतात. पेशीतल्या आयन-मार्गिकांवरच्या कामासाठी 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले रॉडरिक मॅककिनन यांना समुद्रात कयाक वल्हवताना पेटक्यांनी गाठलं होतं. त्यांनी पुढे याच मसाल्यांचं एक पेय तयार करवलं. असलंच काही पाजणाऱ्या आपल्या आजीला नोबेल नव्हतं, एवढाच फरक, असं म्हणण्याचा मोह होतो. पण आजीने पाण्याशी तुलना करून पाहिली नव्हती, आणि तुलनेशिवाय या गोष्टींना अर्थ नाही.

सिरोसिसच्या रुग्णांत ती तुलना मिशिगन विद्यापीठाच्या एलियट टॅपर यांनी केली. निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार पेटके येणारे 82 रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. गोळा येऊ लागला की एका गटाने खाराचा घोट घ्यायचा, दुसऱ्याने नळाच्या पाण्याचा. त्रास किती झाला ते मोबाइलवरच्या मेसेजला उत्तर देऊन दहापैकी आकड्यात कळवायचं. महिन्याभरात खाराच्या गटाचा आकडा सरासरी 2.25 ने उतरला, पाण्याच्या गटाचा जेमतेम 0.36 ने. पोटात पाणी असलेल्यांचं वजन खाराने वाढलं नाही. झोप आणि एकूण जगणं मात्र दोन्ही गटांत सारखंच राहिलं, हेही सांगायला हवं. खाराने आलेला गोळा लवकर सुटतो. गोळे येणं थांबतं असं नाही.

आता आपल्या बरणीकडे वळू. चाचणीतला खार काकडीचा, व्हिनेगरचा, बिनतेलाचा. आपल्या कैरीच्या लोणच्यावर बोटभर तेल असतं. त्यापेक्षा मिठात मुरलेल्या लिंबाचा पातळ खार किंवा पाण्यात चमचाभर व्हिनेगर त्याच्या जवळ जातं. प्रमाण मोठ्या चमच्याएवढं, गोळा आला तरच. पोटात पाणी झालेल्या माणसाला दिवसभराचं मीठच जेमतेम पाच ग्रॅमचं असतं. खार पेलाभर प्यायला तर उपायाचा अपाय होईल. जेवणातलं लोणचं-पापड बंद आणि उशाशी बाटलीत दोन घोट खार, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी हिशेबात बसतं.

औषधंही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या 2018 च्या चाचणीत रोज दोन ग्रॅम टॉरिनने पेटके घटले. इजिप्तमधल्या तांता विद्यापीठात बॅक्लोफेनने चांगला गुण आला, पण ते सुस्ती आणतं. यकृताच्या आजाराने ज्याचा मेंदू आधीच गुंगतो, त्याला ते सांभाळूनच द्यावं लागतं. जुनं क्विनिन रक्तातल्या प्लेटलेट घटवू शकतं आणि सिरोसिसमध्ये त्या मुळातच कमी असतात. त्या वाटेला न गेलेलं बरं.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपाय ताटातला आहे. सातला जेवून सकाळी नऊला न्याहारी करणाऱ्या सिरोसिसच्या रुग्णाच्या शरीरावर त्या एका रात्रीचा परिणाम धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका होतो. यकृतात साखरेचा पुरेसा साठा नसतो, म्हणून स्नायू मोडून इंधन काढलं जातं. न्यूझीलंडमध्ये 2008 च्या अभ्यासात वर्षभर रात्री पूरक आहार दिलेल्यांच्या शरीरातलं प्रथिन वाढलं. तोच आहार दिवसा घेणाऱ्यांचं वाढलं नाही. आपल्याकडे मात्र 'कावीळ आहे' म्हणून डाळ, दूध, अंडं बंद करून माणसाला भाताच्या पेजेवर ठेवतात, तेही कलबुर्गीच्या तुरीच्या मुलखात. वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिन हवं, असं यकृततज्ज्ञ सांगतात. झोपण्याआधी दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी चालते. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. निजण्यापूर्वी भिंतीला टेकून पोटऱ्या ताणल्या तर तेही फुकटचं औषध.

आणि पाय ठणकतो म्हणून स्टँडवरच्या मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन? सिरोसिसमध्ये ही औषधं मूत्रपिंड बंद पाडू शकतात, पोटात रक्तस्राव घडवू शकतात. कमरेत टोचलेलं वेदनाशामक इंजेक्शनही बहुधा यांच्यातलंच असतं. दिवसाला दोन ग्रॅमच्या आतलं पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून, त्यापेक्षा सुरक्षित. लिव्हरला घातक म्हणून लोक नेमकं तेच टाळतात.