पान्याने निघणारा जोड

बेळगावातला खासबाग, वडगाव, शहापूर हा पट्टा साडी विणणाऱ्या मागांचा, आणि उद्यमबाग फाउंड्री आणि लेथची. लोखंड कापणं, वाकवणं, जोडणं इथे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे जुन्या बुलेटला किंवा येझदीला साइड बॅगांसाठी चौकट हवी असेल तर बाहेरून तयार माल मागवायचं कारण नाही. खरा प्रश्न ती गाडीला जोडायची कशी, हा आहे. चॅसिसला वेल्डिंगचे चार टाके मारले की काम झटपट उरकतं आणि पैसेही कमी लागतात. तरीही जुन्या गाडीला ही वाट पूर्ण वर्ज्य असावी, असं माझं ठाम मत आहे. चौकट आधीपासून असलेल्या बोल्टांवरच बसावी आणि पान्याने उतरवता यावी.

‘वेल्डिंगच पक्कं, बोल्ट ढिले होतात,’ हा आक्षेप हमखास येतो. जुनी बुलेट 350 म्हणजे 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोकचं एकच सिलिंडर. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालवलं तर तासाभरात 1,80,000 फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीचा हादरा मागे लोंबणाऱ्या बॅगेपर्यंत जातो. वेल्डिंगच्या कडेला तापून गेलेलं नळीचं लोखंड पूर्वीसारखं राहत नाही आणि चीर बहुधा तिथूनच सुरू होते. बोल्ट ढिला झाला तर हाताला कळतो, नायलॉकच्या नटाने त्याचा बंदोबस्तही होतो. रंगाखालची चीर मात्र दिसत नाही. शिवाय बोल्टवर बसवलेल्या चौकटीत फार तर पट्टी तुटेल, आणि पट्टी दुपारपर्यंत नवी होते. जुनं चॅसिस तसं होत नाही.

म्हणून कारागिराची कसोटी आधी मापात लागते. शॉकअपचा वरचा बोल्ट चॅसिसवर स्थिर असतो, खालचा मात्र चाकाबरोबर वरखाली होतो. त्याला चौकट बांधली तर एक टोक स्थिर, दुसरं हलतं, आणि पट्टी पिळून तुटते. मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून आपल्याकडे साडीगार्ड लावतात. त्याचे बोल्ट, शॉकअपचा वरचा बोल्ट आणि मागच्या फूटरेस्टचा बोल्ट असे तीन आधार मिळाले की त्रिकोण साधतो. साडीगार्ड मात्र काढून टाकायचा नाही, तो नियमाने हवाच. मूळ बोल्ट आखूड पडला तर लांब बोल्ट घालावा आणि लेथवर मापाचा बुश काढावा. नुसत्या वॉशरांची चळत चढवणं हे आळसाचं काम. डावी आणि उजवी चौकट नंबरप्लेटच्या मागून आडव्या पट्टीने बांधली की डोलणं थांबतं. बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे, जावा-येझदीचे दोन्ही बाजूंना, त्यामुळे तिथे दोन्ही बॅगांखाली मोकळी जागा सोडावी लागते. आणि पंक्चर झाल्यावर चौकट न काढता मागचं चाक निघालं पाहिजे. रंग चढवण्याआधी हे एकदा करून पाहावंच.

सीटवरून टाकायच्या कापडी बॅगा आहेत, मग चौकट कशाला, असंही विचारतात. हलक्या सामानाला त्या चालतील. पण चोर्ला किंवा आंबोली घाटाच्या वळणांवर पट्टा सरकून बॅग चाकाकडे गेली तर काय होईल, हे सांगायला नको.

उरला कायदा, आणि तोही बोल्टच्याच बाजूने आहे. जुलै 2021 मधल्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही, मग बॅगा कशाला, असं कुणी म्हणेल. पण रॅलीला आणि प्रदर्शनाला जाण्या-येण्याची मुभा आहे, आणि जुन्या गाडीवर हत्यारं, प्लग, केबल, ट्यूब सोबत नेल्याशिवाय निघणं शहाणपणाचं नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 मध्ये सुरू केलेलं उत्पादन 1996 मध्ये थांबलं; 1978 पासून आलेल्या येझदी रोडकिंगच्या पहिल्या गाड्या 2028 मध्ये पन्नाशीला पोचतील. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी चॅसिसला वेल्डिंगचा हात लावू देऊ नये.