दुचाकीची पाठवणी

श्रावण सरत आला की नालासोपाऱ्याच्या चाळीचाळींतून गावाकडच्या तयारीला वेग येतो. रेल्वेच्या आरक्षणाची चिंता, मखराचे सामान, गावच्या भजनासाठी न्यायचा मृदंग अशा याद्या होऊ लागतात. अलीकडे या यादीत आणखी एका जिनसाची भर पडली आहे. ती म्हणजे घरची मोटारसायकल. कुणी ती पंधरा दिवसांसाठी नेतो, कुणी निवृत्त होऊन कायमचा गावी चाललेला असतो, तर कुणी जुनी गाडी धाकट्या भावाला देऊन टाकतो. सावंतवाडी इथून सुमारे पाचशे किलोमीटर. भर पावसात, घाट आणि खड्डे पार करत, पाठीमागे बायकोमुलांना घेऊन हा प्रवास दुचाकीवर करू नये हे शहाणपण बहुतेकांना आहे. पण गाडी टेम्पोत चढवली की काळजी मिटली, असा जो समज आहे तो मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात माणसे मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडतात आणि त्यावर मोटारसायकल उभी करून शेकडो मैल नेतात. आपल्याकडे ट्रेलर विरळा. आपला ट्रेलर म्हणजे ‘छोटा हत्ती’. साधन वेगळे असले तरी शास्त्र तेच. दोन चाकांची वस्तू स्वतःहून उभी राहत नाही, तिला उभे धरावे लागते. हलत्या गाडीत ते धरण्याचे काम दोरीने करायचे असते, माणसाच्या हाताने नव्हे.

आगगाडीचा मार्ग

पहिला पर्याय रेल्वेचा. नालासोपारा हे लोकलचे स्थानक. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी वसई रोड किंवा वांद्रे टर्मिनस गाठावे लागते. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे-मडगाव ही गाडी वसईमार्गे धावू लागली, त्याचे इकडच्या कोकणवासीयांना मोठे अप्रूप. परंतु माणसाला दोन मिनिटांचा थांबा पुरतो, मोटारसायकलला पुरत नाही. त्यामुळे कोणत्या स्थानकावर पार्सल चढते आणि कुठे उतरते, याची चौकशी आधीच पार्सल कार्यालयात करावी.

नोंदणी पुस्तकाची प्रत आणि ओळखपत्र लागते. गाडी गोणपाटात बांधावी लागते आणि पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. ही शेवटची अट अनेकांना जाचक वाटते. ‘थोडे राहू दे, उतरल्यावर पंपापर्यंत जायला होईल,’ असा हिशेब केला जातो. पण डब्यात धोका द्रव पेट्रोलाइतकाच त्याच्या वाफेचा असतो. बंद पार्सल डब्यात साठलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक पदार्थ बेकायदा नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ती उगाच नव्हे.

टेम्पोचा मार्ग

दुसरा पर्याय रस्त्याचा, आणि बहुतेकांचा हाच. दारात येतो, दारात सोडतो. छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सात फूट लांब. आपल्या नेहमीच्या शंभर सीसी मोटारसायकलची लांबी साडेसहा फुटांच्या आसपास. म्हणजे गाडी मावते, पण हौद्याच्या बाजू जेमतेम फूटभर उंच असतात. चाकाचा खालचा भाग तेवढा आत राहतो, बाकी सगळा डोलारा वर. त्याला आधार फक्त दोरीचा.

आता थोडे गणित. माल बांधण्याचे जे युरोपीय मानक आहे, ते असे सांगते की, गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा मालाच्या वजनाच्या ऐंशी टक्के जोर पुढच्या दिशेने, आणि वळणावर पन्नास टक्के जोर बाजूला पडतो असे धरून बांधणी करावी. आपली साधी मोटारसायकल एकशेदहा-बारा किलोची. ब्रेक लागला की तिला पुढे ढकलणारा जोर नव्वद किलोचा झाला. बुलेट असेल तर वजन एकशेपंच्याण्णव किलो, आणि जोर दीडशेच्या वर. घोडबंदरचा गायमुख घाट उतरताना समोर रिक्षा आली, की क्षणात हा सारा भार दोरीवर येतो. सुतळीच्या दोन वेढ्यांकडून ही अपेक्षा करता येईल का?

सर्वांत मोठी चूक होते ती गाडी साइड स्टँडवर उभी करून बांधण्याची. घरासमोर ती तशी उभी राहते, म्हणून टेम्पोतही राहील असे वाटते. पण खड्डा आला की शॉकअप दबतात, गाडी खाली जाते, दोरी सैल पडते, आणि गाडी वर येताना दोरीला हिसका बसतो. पाचशे किलोमीटरमध्ये असे हजारो हिसके. आकडा उघडा असेल तर एखाद्या हिसक्यात तो कडीतून निसटतो. मोठ्या स्टँडचेही तसेच. पुढे ढकलले गेले की तो मिटतो.

योग्य रीत अशी. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करावी. पुढचे चाक हौद्याच्या पुढच्या फळीला टेकवावे, मध्ये जुने टायर किंवा गोणपाटाची घडी ठेवावी आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे पक्के बसवावेत. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी. पुढचे दोन पट्टे हँडलच्या टोकांना अडकवू नयेत, हँडल वाकते. हँडलखाली शॉकअपच्या दोन नळ्या जिथे एकत्र धरलेल्या असतात, तिथून ते घ्यावेत आणि डावी-उजवीकडे, थोडे पुढे, तिरपे खाली ओढावेत. शॉकअप साधारण निम्मे दबेपर्यंत पट्टा आवळावा. त्यामुळे खड्ड्यात गाडी खाली गेली तरी पट्ट्यात ताण शिल्लक राहतो. पूर्ण दाबू नये, आतली तेलाची सील खराब होतात. मागचे दोन पट्टे सांगाड्याच्या मजबूत भागाला लावून किंचित मागे ओढावेत. आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर यांना दोरी लावू नये.

काथ्याचा दोर पावसाने भिजला की त्याचा ताण बदलतो, नायलॉनची दोरी ताणली जाते. म्हणून रॅचेटचे पट्टे वापरावेत. गाडीच्या किमतीपुढे त्यांची किंमत किरकोळ. पट्टा जिथे धारदार कडेवरून जातो तिथे जाड कापड घालावे. आणि पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर टेम्पो थांबवून पट्टे पुन्हा पाहावेत. सुरुवातीच्या धक्क्यांत गाडी ‘बसते’ आणि पट्टे हमखास ढिले पडतात. वर्सोवा पुलाच्या आधी एकदा, मग पनवेलला आणि पुढे प्रत्येक चहाच्या थांब्याला. चढवताना इंजिन चालू करून फळीवरून गाडी नेण्याचे धाडस करू नये. तिघांनी ढकलावी.

धरायला बसलेला मुलगा

याहून गंभीर गोष्ट आहे. ‘बांधायला वेळ नाही, पोरगा बसेल मागे धरून,’ हे वाक्य गल्लीत ऐकू येते. मालवाहू गाडीत मागे माणसे बसवणे मुळात गैर, हे तर झालेच. पण वरचे गणित आठवावे. नव्वद किलोचा अचानक धक्का कोणता सतरा वर्षांचा मुलगा रोखणार? गाडी पडते ती त्याच्याच अंगावर. गाडी मोडली तर हप्ते भरून होतात, पायावर पडलेल्या गाडीचा हिशेब कशानेच फिटत नाही.

कागदांचेही तेच. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल, तर रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना झालेल्या नुकसानीलाही त्याचे संरक्षण असते. हे फार थोड्यांना ठाऊक असते. नुसता ‘थर्ड पार्टी’ विमा असेल तर नाही. निघण्यापूर्वी गाडीची चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची असेल, तर तिथली नवी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी आपल्या परिवहन कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. गोव्याच्या हद्दीला लागून गाव असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रक रेल्वेवरून नेण्याची रो-रो सेवा सुरू केली, आणि २०२५ च्या गणेशोत्सवात मोटारींसाठीही ती कोलाडहून वेर्ण्यापर्यंत चालवून पाहिली. उद्या दुचाकींसाठीही अशी सोय झाली तर चाकरमान्यांची निम्मी चिंता मिटेल. मागणी करण्यासारखी ती गोष्ट आहे.

सोपारा हे एके काळचे बंदर. इथून गलबते भरून माल दूरदेशी जात असे, आणि माल नीट बांधल्याशिवाय नांगर उचलायचा नाही, हे इथल्या खलाशाला कुणी शिकवावे लागत नसणार. समुद्र इथून मागे सरला, बंदर गाळाने भरले. यंदा भाद्रपदात टेम्पो दारात उभा राहील तेव्हा चालक घाई करेलच. त्याला अर्धा तास थांबवावे, आणि चारही पट्टे स्वतःच्या हाताने ओढून पाहावेत.