परागीभवनाचे निसर्गाधारित अध्यापन : भोपळ्याच्या वेलावरील एक प्रयोग

प्रस्तावना : परागीभवनाची व्याख्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते, परंतु कीटक फुलावर न आल्यास फळाचे काय होते, हे त्यांनी क्वचितच पाहिलेले असते. महाविद्यालयाच्या आवारातील लाल भोपळ्याचा वेल ही उणीव भरून काढू शकतो.

कार्यपद्धती : या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या तळाशी अंडाशय इवल्या भोपळ्याच्या रूपाने आधीच दिसतो. परागकण जड व चिकट असल्याने ते वाऱ्याने वाहून जात नाहीत. त्यांस मधमाश्यांसारखे कीटक लागतात. फुले पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटतात. म्हणून आदल्या सायंकाळी मादी कळ्यांचे तीन गट करावेत. पहिला गट उघडा ठेवावा, उर्वरित दोन्ही गटांतील कळ्यांवर तलम कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. सकाळी तिसऱ्या गटातील फुलांवर नर फुलातील पराग हाताने लावून पिशव्या पुन्हा बांधाव्यात.

निरीक्षण : दुसऱ्या गटातील इवले भोपळे काही दिवसांत पिवळे पडून गळतात, तिसऱ्या गटात मात्र सामान्यतः फळ धरते. वेल, माती व पाणी एकच असल्याने कारण परागाचा अभाव हेच, असा निष्कर्ष विद्यार्थी स्वतः काढतो.

समारोप : या निष्कर्षाचा शेतीशी थेट संबंध आहे. फुले उमललेली असताना सकाळी कीटकनाशक फवारल्यास फुलांवर आलेल्या मधमाश्या मरतात व फळधारणाही घटते. आवश्यक फवारणी सायंकाळी करावी, हे शेतकरी कुटुंबातील विद्यार्थी मग घरी सप्रमाण सांगू शकतो.